कमरेला दिसेल असं

बंदुका दुरुस्त करणाऱ्या माणसाकडे लोक दोन नजरांनी बघतात. अर्ध्यांना वाटतं, याच्या गुंडांशी ओळखी असणार, आणि उरलेल्यांना वाटतं, पोलिसांशी. मुलीचं लग्न ठरवताना मुलाकडच्यांनी मला पुन्हा पुन्हा विचारलं, "म्हणजे नक्की काय करता आपण?" शेवटी आमची ही वैतागून म्हणाली, "मशीनची कामं करतात." आमचे व्याही अजून मला शिलाईमशीन दुरुस्त करणारा समजतात आणि मीही त्यांचा गैरसमज दूर करायच्या भानगडीत पडलेलो नाही.

आम्ही पांचाळ मूळचे राजापूरकडचे. वडील मुंबईत कोटातल्या, म्हणजे फोर्टमधल्या एका बंदुकांच्या दुकानात कारागीर होते. त्यांच्याच हाताखाली मी कानस धरायला शिकलो. सत्तरचं दशक संपता संपता वाशीत मी स्वतःचं दुकान थाटलं. दुकान म्हणजे एक टेबल, लोखंड पकडून धरायचा एक शेगडा, भिंतीला जाळीचं कुलूपबंद कपाट आणि बाहेर पाटी. माझा परवाना दुरुस्तीचा होता, विक्रीचा नव्हता. हा फरक लोकांना कधीच कळला नाही. "एखादं चांगलंसं दाखवा ना," म्हणत गिऱ्हाईक साडीच्या दुकानात आल्यासारखं बसायचं. नव्यानेच पैसा हाती आलेला एक बिल्डर तर आपल्या रिव्हॉल्व्हरला घड्याळाच्या पट्ट्यासारखी चकाकी आणून द्या म्हणून हटून बसला होता. मी म्हटलं, "साहेब, रात्री अंधारात चोराला तेवढीच चमक दिसेल आणि तो तिथेच गोळी मारेल." मग काळाच रंग ठेवूया म्हणाला.

वाशीत दुकान टाकण्यामागे माझा हिशेब साधा होता. खाडीची हवा. या हवेत खारटपणा असा की आठवडाभर तेल लावलं नाही तर नळीला तांबूस पूड धरते. कोटातल्या दुकानात वर्षातून एकदा येणारं हत्यार इथे तीन-चार वेळा येणार, हे मी ओळखलं होतं. सुरुवातीला आली ती मात्र गावठाणांतली माणसं. आजूबाजूच्या गावांत शेतीच्या राखणीसाठी परवान्याच्या ठासणीच्या बंदुका होत्या. रानडुकरं, कोल्हे, भातावर उतरणारे पक्षी यांच्यासाठी. नव्या शहरासाठी शेतं गेली आणि शेतीच नाही म्हटल्यावर राखणीचा परवाना तरी कशासाठी, म्हणून त्याही जमा करायच्या झाल्या. एक म्हातारा आपली बंदूक घेऊन आला, म्हणाला, "नीट साफ कर. चौकीवर द्याची हाय." मी म्हटलं, "बाबा, जमाच करायची तर पैसे कशाला घालवताय?" तो म्हणाला, "मेलेल्याला पन आंगोल घालतात ना?" मी तिला दिवसभर घासली. पैसे घेतले नाहीत. त्या काळात अशी कितीतरी कामं केली आणि धंद्याला ती काही बरी नव्हती.

आता माझ्या कामातली एक गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. लोक सरसकट पिस्तूल म्हणतात. व्यापाऱ्यांकडे असायची ती बहुतेक रिव्हॉल्व्हरं. त्यात एक गोल चक्र असतं, चक्रात सहा घरं, प्रत्येक घरात एक काडतूस. आमच्याकडे यायची ती जुनी विलायती बनावटीची, अंगठ्याने खटका दाबला की मधून मोडून उघडणारी. उघडलं की सगळ्यांत वरचं घर आधी समोर येतं, आणि बंद केलं की तेच घर घोड्याखाली असतं. घोडा म्हणजे मागचा तो टोकदार तुकडा, जो काडतुसावर आपटतो. आलेलं हत्यार रिकामं आहे असं गिऱ्हाईक शपथेवर सांगो, आम्ही उघडून बघतोच. वडिलांनी मला नुसतं बघू दिलं नाही. "बोट घाल," म्हणायचे. सहाही घरांत करंगळी घालायची. पुढे मला इतकी सवय झाली की घरी ही भाजीची पिशवी रिकामी आहे म्हणाली तरी मी हात घालून बघायचो.

मुंबईतला कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार वाशीला आला आणि माझं गिऱ्हाईक बदललं. बाजार आला खरा, पण त्याच्या भोवती तेव्हा काहीच नव्हतं. रुंद रस्ते, त्यांवर न लागलेले दिवे, कडेला तिवरं आणि पाणथळ. व्यापारी संध्याकाळी रोकड घेऊन निघायचे आणि जीव मुठीत धरून जायचे. वाटेत अडवून लुटल्याच्या गोष्टी दर दोन-चार दिवसांनी ऐकू यायच्या. ज्याला जमेल तो परवान्यासाठी ठाण्याच्या कलेक्टर कचेरीच्या खेपा घालू लागला.

अण्णा शेटे माझ्याकडे आले ते अशाच दिवसांत. जुन्नरकडचा माणूस, कांद्याचा मोठा गाळा, अंगात पांढरी बंडी, बोलणं रोखठोक आणि व्यवहार चोख. बाजारात त्यांचा शब्द म्हणजे लिहून दिल्यासारखा. त्यांनी टेबलावर एक रिव्हॉल्व्हर ठेवलं. त्यांच्या धाकट्या भावाचं, नानाचं. वर्ष-दीड वर्षापूर्वी नानाला पामबीच रोडच्या अलीकडे, तेव्हा नुसता मातीचा रस्ता होता तिथे, चौघांनी घेरून भोसकलं होतं. खटला, चौकशी संपून हत्यार वारस म्हणून अण्णांच्या नावावर झालं होतं.

"मिस्त्री," अण्णा म्हणाले, "हे नानाच्या अंगावरच होतं बरं का. बंडीच्या आतल्या खिशात. खिशाला बटण. गडी बटण काढत राहिला आन तवर त्यांनी काम उरकलं."

मी ते उघडून सहाही घरांत करंगळी घातली.

"बाहेर कमरेला असतं, दिसलं असतं, तर जवळ आलं असतं का कुणी? लांबूनच वाट बदलली असती. लपवायचं म्हणून मेला माझा भाऊ."

यातूनच त्यांच्या डोक्यात ते घुसलं. कायदा तेव्हा असा की परवान्यावरच अट छापलेली असायची: जत्रेत, मिरवणुकीत, सभेत हत्यार न्यायचं नाही. शिवाय शस्त्रबंदीचा हुकूम निघायचा. एक संपला की दुसरा. त्यामुळे परवानेवालेही हत्यार शर्टाखाली किंवा पिशवीत घालून न्यायचे. तसं नेणंही हुकुमाविरुद्धच, पण लपवलेलं कोणाला दिसत नाही एवढंच. अण्णांचं म्हणणं, परवाना दिलाय ना, मग कमरेला पट्टा लावून उघड, सगळ्यांना दिसेल असं वागवायची परवानगी द्या. त्यांनी समिती काढली. गाळ्यागाळ्यात सह्या गोळा केल्या, बेलापूरच्या पोलीस कचेरीत निवेदनं दिली, सोसायट्यांच्या गच्च्यांवर सभा घेतल्या. त्या सभांत घरातल्या घरात दोन तट पडायचे. एका सभेत कारखान्यात नोकरीला असलेले एक गृहस्थ म्हणाले, "आमच्याकडे चोरायला आहे काय? आम्हाला भीती चोरांची नाही, पिस्तूलवाल्या शेजाऱ्याची आहे." त्यांची बायको तिथेच उठून म्हणाली, "रात्रपाळी तुम्ही करता, घरी मी असते." सभा तिथेच संपली.

अण्णांनी माझीही सही मागितली. माझा धंदा वाढणार होता, खोटं कशाला बोलू. पण मी सही केली नाही आणि विरोधातही उभा राहिलो नाही. दोन्हीकडची माणसं माझ्या दुकानात चहा प्यायची आणि मला तसंच राहायचं होतं.

विरोधात उभा राहिला तो हिराजी. हिराजी म्हात्रे, बाजारातल्या हमालांच्या टोळीचा मुकादम, शेजारच्याच गावचा. ज्या जमिनीवर बाजार उभा होता त्यातला एक तुकडा त्याच्या बापाचा होता. आता तिथेच तो गोणी उचलायचा. माझी त्याची दोस्ती जमली ती त्याच्या बापाची ठासणीची बंदूक माझ्याकडे आली तेव्हापासून. दुपारची टोळी सुटली की तो खांद्यावर आकडा अडकवून दुकानात यायचा. आकडा म्हणजे गोणीत रुतवायचा लोखंडी हूक.

"मना एक सांग, वसंत," तो एकदा म्हणाला. "आमचे हातान आकडा, शेटचे हातान तराजू. रोज भांडन व्हतं. मी शिव्या देताव, शेट पन देतंय. संध्याकाली दोघं चाय पितो. त्याचे कमरेला ती वस्तू आली ना, तर तोंड उघडाचे आधी मी कमरेकडं बगीन. मंग ती भांडन नाय रं. ते नुसतं ऐकून घेनं."

"अण्णा तसे नाहीत," मी म्हटलं.

"अन्ना नाय. बाकीची हायत ना."

मला त्याचं पटलं. अण्णांचंही पटलं होतं. मला दोघांचंही पटायचं आणि त्यामुळे मी दोघांच्याही काही कामाचा नव्हतो.

पुढे प्रकरण चिघळलं. एका तापट व्यापाऱ्याने परवानगीची वाट न बघता कमरेला लावून गाळा उघडला, हमालांनी गोणीला हात लावायचं नाकारलं, आणि सगळ्या बाजारात काम थांबलं. गाड्या उभ्या, कांदा उबून वास सुटलेला, हमालांच्या घरी चुली बंद पडायची वेळ. बेलापूरच्या पोलीससाहेबांनी दोन्ही बाजूंना बोलावून सांगितलं की हमालांची संमती असल्याशिवाय हे निवेदन मी वर पाठवणार नाही. म्हणजे सगळं हिराजीच्या सहीवर आलं.

तोड निघाली ती माझ्या दुकानात. समोर अण्णा, इकडे हिराजी, मध्ये मी. दसरा तोंडावर होता. ठरलं ते असं: दसऱ्याच्या दिवशी परवानेवाल्या व्यापाऱ्यांनी हत्यारं कमरेला उघड लावून बाजाराच्या आवारात मिरवणूक काढायची. फाटकाबाहेर जायचं नाही. हत्यारं रिकामी. काडतुसं घरी कपाटात. दिवस शांततेत गेला, कोणी कोणाला वाकडं बोललं नाही, तर हिराजी संमतीची सही देणार. काही कमीजास्त झालं तर अण्णा आपली समिती मोडणार. साहेबांना विचारलं तेव्हा त्यांनी लेखी काही दिलं नाही. आवारात असतील आणि रिकामी असतील तर मला दिसणार नाहीत, एवढंच म्हणाले.

"पन रिकामी हायत ते कोन सांगल?" हिराजीने विचारलं.

"मिस्त्री सांगतील," अण्णा म्हणाले. "तू बी बस शेजारी."

अष्टमीच्या संध्याकाळी सगळ्या व्यापाऱ्यांनी हत्यारं आणली. खंडेनवमीला ज्याच्या त्याच्या घरी शस्त्रपूजा असते, म्हणून आदल्या दिवशीच तपासून परत द्यायची होती. मी एकेक उघडलं, सहाही घरांत करंगळी घातली, दिव्यापुढे धरून हिराजीला दाखवलं. नानाचं रिव्हॉल्व्हर सगळ्यांत जुनं. त्याच्या घोड्याला काडतुसापासून अडवून धरणारा अडसर झिजला होता. मी अण्णांना म्हटलं, "हे दसरा झाला की ठेवून जा. घोड्याला मार बसला तर हे सुटेल." अण्णा म्हणाले, "सुटायला आत काही नको का?" तेही खरंच होतं. रिकाम्या हत्याराचा झिजलेला अडसर म्हणजे निजलेल्या माणसाचा लंगडा पाय. हिराजीने शेवटचं रिव्हॉल्व्हर स्वतःच्या हातात घेऊन घरांत स्वतःची करंगळी घालायचा प्रयत्न केला. त्याची बोटं गोण्या उचलून एवढी जाड झालेली की जाईना. आम्ही तिघेही हसलो. त्या बैठकीतलं एवढंच हसू मला आठवतं.

दसऱ्याला सकाळी आवारात मंडप घातला होता. झेंडूच्या माळा, ताशा, लिलावाच्या ओट्यावर देवीचा फोटो. व्यापारी नव्या टोप्या, पांढरे कपडे, कमरेला पट्टे लावून आले. कोणाच्या पोटामुळे पट्टा दिसतच नव्हता, कोणाचं होल्स्टर दर पावलाला मांडीवर आपटत होतं. हमाल एका बाजूला हाताची घडी घालून उभे होते. मी हिराजीला म्हटलं, "पुन्हा एकदा उघडून बघू का?"

"नको रं," तो म्हणाला. "परवा बघलं ना? आज सनाचे दिवशी बघाला लागलो तर शेट लोकांचा अपमान व्हईल. भांडन मिटवाला आलोय."

मिरवणूक आवाराला वळसा घालून आली. कोणी वाकडं बोललं नाही. एका तरण्या हमालाने उलट तापट व्यापाऱ्याला म्हटलं, "शेट, घोड्यावर बसाचं राहिलं की." त्यावर व्यापारीसुद्धा हसला. मला वाटलं, निभावलं. मग सोनं वाटायला सुरुवात झाली. हिराजी आपट्याची पानं घेऊन सगळ्यांच्या आधी ओट्यावर अण्णांकडे गेला. अण्णा वयाने मोठे. त्याने पानं त्यांच्या हातात दिली आणि पाया पडायला वाकला. त्याला उठवून छातीशी धरायला अण्णाही वाकले.

अण्णांच्या होल्स्टरचं बटण सैल होतं. नानाचं रिव्हॉल्व्हर त्यातून घसरलं, मागची बाजू खाली येऊन सिमेंटच्या ओट्यावर घोड्यावर आपटलं.

आवाज फार मोठा नव्हता. ताशाच्या आवाजात मागच्या लोकांना तो कळलाही नाही. हिराजी वाकलेलाच एका बाजूला कलंडला. गोळी खुब्यात शिरली होती. ओट्यावर कांद्याची सालं पसरलेली, ती लाल होऊ लागली. हमाल धावले, त्यांच्या हातांत आकडे होते. अण्णांना आता फाडतात असं मला वाटलं. पण हिराजी आडवा पडलेला ओरडला, "हात लावू नका कोनी! कोनी हात लावू नका!" आणि ते थांबले.

रिव्हॉल्व्हर मी उचललं. सगळ्या बाजारासमोर उघडलं. पाच घरं रिकामी. सगळ्यांत वरच्या घरात फुटलेल्या काडतुसाची पुंगळी.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी अण्णांकडे बघत होतो. अण्णा त्या पुंगळीकडे बघत होते, आणि मी शपथेवर सांगतो, त्यांच्या तोंडावर माझ्याइतकंच आश्चर्य होतं. मग क्षणभर ते कुठेतरी हरवले आणि त्यांचा चेहरा एकदम विझला. काहीतरी त्यांना उमगलं होतं.

"मीच भरली," ते म्हणाले. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "भरली आन विसरलो."

खरा प्रकार मला कळला तो अण्णा जामिनावर सुटून आल्यावर. ते दुकानात आले, सोबत नानाची बायको, विमलवहिनी. शांत बाई, नवरा गेल्यापासून आणखीच अबोल झालेली. टेबलासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "पांचाळभाऊ, ते मी ठेवलं."

खंडेनवमीला शेट्यांच्या घरी सगळी अवजारं पुजतात. माप, तराजू, गल्ला. आणि रिकामी वस्तू पुजायची नाही ही त्यांच्याकडची रीत. मापात मूठभर धान्य घालतात, तराजूच्या पारड्यात चार दाणे, गल्ल्यात सुपारी. शेजारणीचं भांडंसुद्धा कधी रिकामं परत न देणारी ती माणसं. अण्णांनी काडतुसं कपाटात कुलपात ठेवली होती. पण पोलिसांकडून नानाचं जे सामान परत आलं त्यात एक काडतूस होतं, ते वहिनींनी नवऱ्याची आठवण म्हणून आपल्या पेटीत ठेवलं होतं. बाकीची पूजा देवघरात झाली. नवऱ्याचं हत्यार मात्र त्यांनी आपल्या खोलीत, त्याच्या फोटोपुढे एकटीने पुजलं.

"सगळ्यांत काही ना काही घातलं," वहिनी म्हणाल्या. "ह्यांचंच तेवढं रिकामं कसं ठेवू, भाऊ? ह्यांनी मला उघडायला शिकवलं होतं. वरच्या घरात एक ठेवलं. दसऱ्याला पूजा उचलली की काढायचं, मापातलं धान्य काढतो तसं. सकाळी अण्णा कधी घेऊन गेले ते मला कळलंच नाही."

त्यांना पोलिसांत जाऊन सांगायचं होतं. अण्णांनी हात जोडले.

"मिस्त्री, तुम्ही सांगा हिला. नाना असा गेला. त्याच्या मागं हिला चौकीत उभी करू? कोर्टात? काय पुजलं, कसं पुजलं, लोकांनी हसत विचारायचं? माझं वय झालं. मी जातो."

मी विमलवहिनींना काहीही सांगितलं नाही. अण्णांना म्हटलं, बाजार तुम्हाला फसवा म्हणेल. ते म्हणाले, "म्हणू दे." एवढं बोलायला त्यांना किती जड गेलं ते मी बघितलं. तो माणूस पोतं कमी भरलेलं निघालं तर स्वतः गावी जाऊन माफी मागणारा होता. निघताना त्यांनी, ही गोष्ट कोणाला सांगणार नाही असा माझ्याकडून शब्द घेतला.

अण्णांना शिक्षा झाली. फार मोठी नव्हती, पण आत जावं लागलं. समिती त्याच दिवशी मोडली होती. हमालांनी त्यांच्या गाळ्याची गोणी पुन्हा उचलली नाही. चोख व्यवहाराचा दाखला म्हणून बाजारात त्यांचं नाव घ्यायचे, ते आता शिवी म्हणून घेऊ लागले: "शेट्यासारखा रिकामं म्हणून भरून आणू नकोस." व्यापारीसुद्धा म्हणायचे, ज्यांच्यासाठी एवढं केलं ते व्यापारी. त्यांना वाटायचं, अण्णांनी आपल्या सगळ्यांना मान खाली घालायला लावली. कमरेला लावायची मागणी पुढे कोणी केली नाही. रिव्हॉल्व्हरं पुन्हा बंडीखाली गेली, काहींनी तर परवानेच परत केले. माझं गिऱ्हाईक पुष्कळ कमी झालं, आणि आश्चर्य म्हणजे मला त्याचं वाईट वाटलं नाही. सुटून आल्यावर अण्णांनी गाळा विकला आणि वहिनींसह गावी निघून गेले. जायच्या आधी भेटायला आले नाहीत.

हिराजीचा खुबा पुन्हा धड झाला नाही. पाय वाकायचा नाही. त्याला बाजाराच्या फाटकावर बसायचं काम मिळालं. मी रोज जाता-येता त्याच्याजवळ थांबायचो. अण्णांचं नाव आम्ही कधी काढलं नाही. मला वाटायचं, याच्या मनात अण्णांबद्दल राग असेल, आणि खरं काय ते सांगावं तर मी अण्णांना न बोलण्याचा शब्द दिलेला. अशी काही वर्षं गेली.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला अण्णा वारल्याचं कळलं. मी दहाव्याला जायचं ठरवलं. हिराजीला सांगितलं, तर तो म्हणाला, "मना पन ने. एस्टीत एकट्याला चढाला जमत नाय." मला बरं वाटलं. जाताना वाटेत सगळं सांगून टाकीन असं मी मनाशी ठरवलं. आता अण्णा नव्हते, शब्द कोणाला पाळायचा? पण गाडीत तोंड उघडलं नाही. परत येताना सांगू म्हटलं.

नदीवर विधी झाले. माणसं थोडीच होती. बाजारातलं आमच्याशिवाय कोणी नव्हतं. घाटाच्या पायऱ्यांवर विमलवहिनी आमच्याजवळ आल्या. मला नमस्कार केला आणि हिराजीसमोर उभ्या राहिल्या.

"हिराजीभाऊ," त्या म्हणाल्या, "आता तर अण्णाही गेले. आता तरी सांगू का लोकांना?"

हिराजीने मान खाली घातली.

"नको, वहिनी," तो म्हणाला.

वहिनींनी मान हलवली आणि बायकांमध्ये जाऊन बसल्या.

परतीच्या गाडीत तो वाटेत पाय लांब करून बसला होता. कंडक्टर म्हणाला, पाय आत घ्या, तेव्हा मीच सांगितलं की तो वाकत नाही. घाट संपल्यावर मी विचारलं, "तुला कधीपासून ठाऊक आहे?"

"पयल्याच आठवड्यात. दवाखान्यान आल्या व्हत्या. माजे पाय धरून रडल्या. पोलिसांत जाते बोलल्या. मीच बोललो, गप रावा."

"अण्णा तुरुंगात गेले, हिराजी."

"ठाव हाय मना."

"तू एक शब्द बोलला असतास तर सगळ्या बाजाराने ऐकलं असतं. निदान फसवा तरी म्हटलं नसतं त्यांना."

"म्हनून तर नाय बोललो," तो म्हणाला. "पूजेतली चूक व्हती असं कललं असतं ना, तर सगली बोलली असती, बिचारी बाई, देवाची करनी. न पुढचे दसऱ्याला परत कमरेला लावली असती. घरातल्या बायांना सांगून, की यंदा काय भरू नका. अन्नासारखा मानूस शब्द देऊन फसवतो, असं वाटलं म्हनून थांबली ती. दुसऱ्या कोनाचं नाव असतं तर नसती थांबली."

मला राग आला. इतका आला की पुढच्या थांब्यावर उतरून दुसऱ्या गाडीने जावं असं वाटलं. पण त्याला वाशीला उतरवून कोण घेणार होतं? मी बसून राहिलो. थोड्या वेळाने बघितलं तर तो खिडकीकडे तोंड करून रडत होता. मला बघून त्याने ते लपवलं नाही.

त्यानंतरही मी फाटकावर त्याच्याजवळ थांबत राहिलो. तो चुकला होता का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. बाजारात त्यानंतर कितीतरी भांडणं झाली, आकडे उगारले गेले, डोकी फुटली, पण गोळी कोणाला लागली नाही. ही त्याची बाजू. आणि दुसऱ्या बाजूला एक माणूस आपल्या गावी, ओळखीच्या कोणाला तोंड न दाखवता मेला.

दुकान मी बंद केलं त्याला आता बरीच वर्षं झाली. हिराजी गेला. मग विमलवहिनीही गेल्याचं कळलं. "नको" म्हणणारं आता कोणी राहिलेलं नाही, आणि खरं ठाऊक असलेला मी एकटा उरलोय. बाजारातली जुनी माणसं अजून थोडीफार आहेत. दिवाळीला हा अंक त्यांच्यापैकी कोणाच्या घरी गेला तर त्यांनी एवढंच वाचावं. मी सहाही घरांत बोट घालून बघितलं होतं, आणि अण्णा शेटे यांनी त्या दिवशी कोणालाही फसवलं नव्हतं.